शुद्ध मराठीची दोन मिनिटं

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामांनी ‘पाणि’ लिहिलं की अर्ध्या मिनिटात ‘पाणी’ असं उत्तर पाठवणारी मी. त्यात बेंगळुरूत, बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात अॅपमधली मराठी वाक्यं तपासायची नोकरी लागली, तेव्हापासून तर मी स्वतःला भाषेची फौजदारच समजायला लागले. बसवनगुडीत दर रविवारी भाषाशास्त्राची तोंडओळख करून देणारा वर्ग भरतो असं कळल्यावर मी नाव घातलं, ते शिकायला नव्हे, माझ्या ज्ञानावर शिक्का मारून घ्यायला.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “काही भाषांत ‘आम्ही’साठी दोन शब्द असतात. एकात ऐकणारा धरलेला असतो, दुसऱ्यात वगळलेला. कुणाच्या भाषेत आहेत?”

“मराठीत नाहीत,” मी ठणकावून सांगितलं. “एकच. आम्ही.”

“मला चहाला सोबत न्यायचं असेल तर काय म्हणाल?”

“आपण चहाला जाऊ.”

“आणि मला इथंच सोडून जायचं असेल तर?”

“आम्ही चहाला...” म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. वर्ग हसला. पस्तीस वर्षं हा फरक मी एकदाही न चुकता पाळत होते आणि तो आहे याचाच मला पत्ता नव्हता. बाई म्हणाल्या, “लाजू नका. नियम तोंडात असतात, माहीत नसतात. भाषा अशीच चालते.” मी लाजायची ती लाजलेच.

गृहपाठ मिळाला: कुणाचं तरी सहज बोलणं रेकॉर्ड करायचं आणि त्यातली दोन मिनिटं ऐकू येतील तशी लिहायची, एक अक्षरही न सुधारता.

मी थेट खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंकडे गेले. सगळे त्यांना अक्का म्हणतात. निपाणीकडच्या, लग्न होऊन बेंगळुरूला आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. मी फोन टीपॉयवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, “काहीही बोला.”

अक्कांनी पदर सारखा केला. “नमस्कार. आमच्या घरी आपले सहर्ष स्वागत आहे. आज हवामान अत्यंत आल्हाददायक आहे.”

“अहो, नेहमीसारखं बोला ना!”

“मी नेहमी असंच बोलते,” अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला. “काय करायलीस गं? मी व्हय, बसलोय की. वरची पुण्याची पोरगी आलीया, तिच्यासंगट सुद्ध बोलून बोलून तोंड दुखायलंय माझं!” फोन ठेवल्यावर त्यांना आठवलं की रेकॉर्डिंग चालूच आहे. मी विचारलं, “पुसून टाकू?” त्या पोट धरून हसल्या. “ऱ्हाऊ दे, तेवढंच खरं हाय.”

हा खजिना घेऊन मी वर आले आणि लिहायला बसले. मध्येमध्ये कुणीतरी अक्कांना सूचना देत होतं. “अक्का, स्वल्प जोरात बोला.” “सरी, सरी.” “अॅक्च्युअली नॅचरल बोलायचंय, मतलब कॅज्युअल.” ही कोण अशी कानडी, हिंदी, इंग्रजी कालवून धेडगुजरी बोलते, म्हणून मी रेकॉर्डिंग मागे नेलं. तो आवाज माझाच होता.

ती ओळ खोडायचा मोह मला तीनदा झाला. शेवटी तशीच लिहिली. रविवारी बाईंनी वही वाचली, अक्कांच्या वाक्यांवरून नजर पुढे नेली आणि माझ्या ‘स्वल्प’खाली रेघ मारली. “हा नमुना फार छान आहे. पुढच्या वेळी याच व्यक्तीचं बोलणं आणा.”

मी अक्कांना रेकॉर्डिंग ऐकवलं. स्वतःचं आल्हाददायक हवामान ऐकून त्यांनी तोंडावर हात ठेवला. माझी वाक्यं मात्र मान डोलवत, मन लावून ऐकली.

“आलीस तवा किती अवघड बोलायचीस,” त्या म्हणाल्या. “आता बघ, कसं समजतंय.”