सादा आरसा
काच चिकटवायच्या गोंदाचा उग्र वास आला की मला बेटम्याजवळचं ते गॅरेज आठवतं. माहेरपण संपवून मी धारला सासरी परत निघाले होते आणि देवासहून बाबाच सोडायला येत होते. गाडी जुनी. मागून झोत पडला की आपोआप गडद होणारा तिचा आतला आरसा बिघडून भरदुपारीही काळानिळाच राहायचा. मला ते सोयीचं होतं. परत जायचं नव्हतं, हे घरी सांगायची हिंमत झाली नव्हती, आणि मागच्या सीटवर मी आवाज न करता रडत होते. बेटम्यापाशी मागून आलेला ट्रक बाबांना दिसलाच नाही, थोडक्यात वाचलो. त्यांनी गाडी तशीच गॅरेजला घेतली. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, ये तो गया. सादा लगा दूँ?" सादा आरसा बसला. बाबा तो हातानं नीट करत होते, ते त्यात बघता बघता मध्येच थांबले. मग म्हणाले, "घरी काही राहिलं का गं तुझं?" मी म्हटलं, "हो." त्यांनी गाडी देवासकडे वळवली. आता मी इथल्याच एका शाळेत शिकवते. धारला नंतर एकदाच गेले, माझी सर्टिफिकेटं आणायला. तेव्हा मी पुढे, बाबांच्या शेजारी बसले होते.