शाळेचं फाटक पिळलं

मित्रांनो, मन अस्वस्थ आहे, म्हणून लिहितोय.

माझ्या जुन्या शाळेचं फाटक आमच्या वर्कशॉपमध्ये करायला आलंय. काम आता मुलगी सुमन बघते, पण हे फाटक मीच करणार असा हट्ट धरला. चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो की चारी कोपऱ्यांना आधी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, मारा, लोखंड निवू द्या, मगच पूर्ण वेल्डिंग करा. एका बाजूने सलग ओढलंत, तर उष्णतेने चौकट पिळते.

आज सकाळी काम सुरू केलं तेव्हा मनात आठवीतली कविता घोळत होती. भानावर आलो तो सुमनच्या आवाजाने.

“बाबा, हे काय केलंत? टॅक कुठेयत?”

एक बाजू मी सलग वेल्ड केली होती. चौकट सुपासारखी वाकली होती.

“परत कविता म्हणत होतात ना?” ती हसली. मग माझा चेहरा बघून ग्राइंडरने सांधे कापायला बसली.

मी म्हटलं, “हो गो, तंद्री लागली.”

ते खोटं होतं. मला तो अर्धा तास आठवतच नाही.

उद्या ती पुन्हा वेल्डिंगचा होल्डर माझ्या हाती देईल. त्याआधी तिला खरं सांगायला हवं. तुमच्यापैकी कुणी घरात असं सांगितलंय का? सुरुवात कशी केलीत?