वाऱ्याचे खोटे आकडे

लग्न होऊन मी तळवलीला आले तेव्हा आमच्या घरात वीज नव्हती. गावात होती. पण गावातल्या शेवटच्या खांबापासून आमचं घर बरंच लांब, खाडीच्या अंगाला, भरतीचं खारं पाणी अडवणाऱ्या खाजणाच्या बांधाशेजारी एकटंच उभं होतं. खांबासाठी अर्ज दिलेला होता, उत्तर आलेलं नव्हतं. मी पेणकडची, मॅट्रिक झालेली, माहेरी बटण दाबायची सवय. इथे आल्यावर पहिलं काम शिकले ते राखेनं कंदिलाची काच पुसायचं.

घरात आम्ही चौघं. सासरे, सासूबाई, आमचे हे आणि मी. हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात पाळीनं कामाला जात. सासऱ्यांची भातशेती आणि मिठागरातला वाटा नव्या शहरासाठी झालेल्या संपादनात गेला होता. त्यानंतर ते घरीच असत. ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करायचे आणि बांधाकडे बघत राहायचे. अनोळखी माणूस येताना दिसला की त्यांचे हात थांबायचे.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. एका दुपारी बांधाच्या तोंडाशी स्कूटर लावून एक तिशीतला माणूस चालत आला. खांद्याला पिशवी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. ओट्याजवळ न येता तो आधी घराच्या मागे गेला, मान वर करून कौलांकडे बघितलं, मग खाडीकडे तोंड करून नुसता उभा राहिला. सासऱ्यांनी जाळं खाली ठेवलं.

"कोन पायजे?"

त्यानं नमस्कार केला. मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो म्हणाला, राहायला वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये. "काका, तुमच्या घरामागे एक खांब उभा करायचाय. वर वारा मोजायचं यंत्र बसवीन. वर्षभर मोजून बघू. वारा पुरेसा असला तर पवनचक्की लावून तुमच्या घरात दिवा लागू शकेल. तुम्हाला खर्च काही नाही."

"फुकट?"

"हो."

"मंग आमचं काय जानार?"

तो गोंधळला. "काहीच नाही."

"कागदावर सही करायची नाय आमी. आंगठा पन नाय."

"नको. कागदबिगद काही नकोच आहे."

तो गेल्यावर सासऱ्यांनी जाळं पुन्हा हातात घेतलं. मग सासूबाईंना म्हणाले, "कागद पन नको बोलतो. म्हंजे नक्की काय तरी हाय."

खांब उभा राहिला तो यांच्यामुळे. हे दिवसपाळी करून आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाबा, दिवा मिलतोय तर मिलू दे ना. खांब कापायला कवरा येल लागतो?" सासरे हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. पुढच्या रविवारी मास्तर, आम्ही त्यांना मास्तरच म्हणायला लागलो, दोन माणसं आणि लोखंडी नळ घेऊन आले. नळाच्या टोकाला तीन वाट्या होत्या, वारा आला की गरगर फिरायच्या. त्यांच्या बऱ्याच खाली नळावर एक डबा, आणि डब्यात स्कूटरच्या मीटरसारखे आकडे. वारा जितका वाहील तितके आकडे पुढे सरकायचे. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ते आकडे वहीत लिहायचे, एवढंच काम. ते माझ्याकडे आलं. शिडीच्या चार पायऱ्या चढायच्या, आकडा वाचायचा, खाली येऊन लिहायचा. मला ते आवडलं होतं. लग्नानंतर हातात पेन पहिल्यांदाच आलं होतं.

गावातून लोक बघायला यायला लागले. त्यातला एक म्हातारा, सासऱ्यांच्या ओळखीचा, वाट्यांकडे बघत म्हणाला, "जमीन मोजून झाली. आता वारा मोजतान. उद्या वाऱ्याची पन नोटीस येल."

सगळे हसले. सासरे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडीवरून उतरले तर ते खाली उभे. "कवरं झालं?"

मी आकडा सांगितला.

"कमी लिही."

"म्हणजे?"

"वारा बक्कल हाय असा कलला ना, तर मोठी पवनचक्की लावायला बाकीची जागा पन घेतील. कमी लिही, गो पोरी. वाराच नाय बोलले तर जातील निंगून."

"पण बाबा, मास्तर आले की डबा स्वतः बघतील. त्यांना कळणार नाही?"

"मीटर जोरात फिरतो बोलायचं. लोकांच्या घरी इजेचे मीटर जोरात फिरतात, याचा नाय फिरू शकत?"

मी नवीन सून होते. त्या घरात सासऱ्यांचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती. पण नुसतं तेवढंच कारण होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मलाही शंका होतीच. वाशीच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसायचं सोडून हा माणूस आमच्या दिव्यासाठी चिखल तुडवत का येतो? मी कमी लिहायला लागले. वाट्या दिवसभर भिरभिरायच्या आणि माझ्या वहीत मंद झुळूक वाहायची.

महिन्यानं मास्तर आले. शिडी चढले, उतरले, वही बघितली. पुन्हा शिडी चढले. मी दाराआड उभी होते. ते उतरून अंगणात आले. यांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "वहिनींना आकडे वाचायला जमत नसेल तर तसं सांगा. तुम्ही लिहीत जा. त्यात कमीपणा नाही."

ते मला ऐकू आलं. माझ्या कानशिलांना आग लागली. गणितात मी वर्गात पहिली यायची. कोण बाहेर आहे, कोण ऐकतंय, कशाचा विचार न करता मी अंगणात आले.

"मला वाचता येतं. मी मुद्दाम कमी लिहिले."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मास्तर म्हणाले, "का?"

मी ओट्याकडे बघितलं. सासरे उठून उभे राहिले होते. म्हणाले, "तिला काय इचारताव? मी सांगतलं तिला."

मास्तर जाऊन ओट्याच्या पायरीवर बसले. चिडले नव्हते. "काका, का सांगितलंत?"

सासऱ्यांनी खाडीच्या उजव्या अंगाला हात केला. तिथे त्यांची शेतं होती. आता भराव पडला होता. "तिथं पयला मानूस आला तवा तो पन बोल्ला, निसता मोजतो. मिठागरावर आला, तो पन बोल्ला, निसता मोजतो. आमी त्याला पानी दिलं, च्या दिला. मास्तर, आमचं जे जे मोजलं, ते ते गेलं."

सासूबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"खरं सांगा," सासरे म्हणाले. "तुमाला यात काय मिलनार?"

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग जरा ओशाळून म्हणाले, "डिग्री. मी पीएच.डी. करतोय. खाडीकाठचा वारा घरगुती विजेला पुरतो का, हा माझा विषय. आकडे मिळाले नाहीत तर माझी डिग्री अडते. नोकरीत पुढे सरकायला ती लागते."

सासऱ्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी पहिल्यांदाच बघितला. "आरे मंग पयल्या दिशी बोलायचं ना! तुमचा पन फायदा हाय. मी बोलतोय, या मानसाला काय येड लागलाय का, दुसऱ्याच्या दिव्यापायी पेट्रोल जालतो!" आणि सासूबाईंकडे वळून ओरडले, "च्या दे गो मास्तरला, उभी काय ऱ्हायलीस?"

त्या दिवसापासून मी खरे आकडे लिहिले. सासरे मात्र आता उलट्या बाजूनं डोळ्यांत तेल घालून बसले. आठला पाच मिनिटं उशीर झाला की हाक यायची. वाट्यांवर कावळा बसला की दगड भिरकावायचे. मास्तरांच्या डिग्रीची राखण सुरू झाली होती.

वर्ष भरलं. पावसाळ्यात वारा असा सुटायचा की कौलं उडायची, एकदा तर नळच वाकला. उन्हाळ्यात दुपारी खाडीवरून चांगला वारा यायचा, पण दिवे लागायच्या वेळेला पडायचा. दिवाळीनंतर कितीतरी सकाळी वाट्या हलतही नव्हत्या. मास्तर वह्या घेऊन आले आणि स्पष्ट म्हणाले, "काका, पवनचक्की इथे लावू नका. जेव्हा लागतो तेव्हा वारा नाही, आणि असतो तेव्हा यंत्र मोडेल इतका आहे. त्यात खारी हवा लोखंड खाऊन टाकेल."

सासऱ्यांच्या कपाळाला पुन्हा आठ्या पडल्या. मास्तर गेल्यावर म्हणाले, "कौलं उडवतो तो वारा एक बल्ब पेटवत नाय? सारसोल्यात कोनाला तरी देनार असतील चक्की." दोन दिवसांनी ते खरंच सारसोळे गावात ओळखीच्या कोळ्याकडे जाऊन आले. तिथे चक्की नव्हती. कोणी वारा मोजायलाही गेलेलं नव्हतं. घरी येऊन पाय धुताना त्यांनी स्वतःच ते सांगितलं.

डिग्री मिळाल्यावर मास्तर पेढे घेऊन आले. मला राहवलं नाही. सासरे आत गेलेले बघून मी विचारलं, "त्या पहिल्या महिन्याचं काय केलंत?"

"तो महिना रिकामा ठेवला. यंत्र नादुरुस्त होतं असं लिहिलं."

मी मान हलवली. माझा खोटेपणा त्यांनी आपल्या खोट्यानं झाकला, म्हणून बरं वाटलं, आणि त्याच वेळी मनात आलं, हा माणूस इतक्या सहज खोटं लिहू शकतो तर! आजही त्या दोन्ही गोष्टी मला एकत्रच आठवतात.

त्याच भेटीत त्यांनी सांगितलं की कॉलेजात उन्हावर वीज तयार करणारी एक पाटी आली आहे. वर्षभर कोणाच्या तरी घरी लावून बघायची आहे. "यात माझी डिग्री नाही," ते स्वतःच म्हणाले, "पण कॉलेजात नाव होईल." एवढं सासऱ्यांना पुरलं.

या वेळी हरकत सासूबाईंची होती. पाटी दक्षिणेकडे तोंड करून अंगणात उभी करायची होती, आणि तिथेच त्या बोंबील सुकवायच्या. "ऊन काय रिकामा पडलाय का? माजी मासली कुठं सुकवू?" शेवटी पाटी गोठ्याच्या छपरावर गेली. खाली ट्रकच्या बॅटरीसारखी बॅटरी आणि घरात एक छोटी ट्यूब. पहिल्या संध्याकाळी ती लागली तेव्हा सासऱ्यांनी गोठ्यात जाऊन वायर कुठून कुठे जाते ते हातानं चाचपून बघितलं. गावच्या खांबावरून तर कोणी वीज चोरून आणली नाही ना, ही त्यांची शंका.

त्या ट्यूबखाली मी बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सचा अभ्यास केला. सातपासून नऊपर्यंत उजेड माझा, असं यांनी ठरवून टाकलं होतं. पास झाले, आणि गावच्या बालवाडीत लागले. त्या पाटीनं मला काय दिलं असं कोणी विचारलं तर हेच सांगेन.

पण पाटीचे लाडही फार होते. कारखान्यांची काजळी बसायची, दर दोन दिवसांनी ती पुसावी लागे. मासळीच्या वासानं कावळे यायचे आणि पाटी घाण करून जायचे. सलग तीन दिवस झड लागली की ट्यूब मलूल व्हायची. बॅटरीत औषधाच्या दुकानातलं शुद्ध पाणीच घालायचं असतं. एकदा ते आणायचं राहिलं आणि सासूबाईंनी, विहिरीचं पाणी काय वाईट आहे, म्हणून तेच ओतलं. पावसाळ्याच्या आतच बॅटरी बसली. मास्तरांनी खटपट करून दुसरी आणली. ती जरा जास्त टिकली, एवढंच.

मग एका वर्षी, काही न कळवता, खांब आले. अर्ज कोणाच्या टेबलावरून कुठे सरकला ते आम्हाला कधीच कळलं नाही. तार आली, मीटर बसला, यांनी त्याच आठवड्यात टेबलफॅन आणला. पाटी परत न्यायला मास्तर टेंपो घेऊन आले.

माणसं छपरावर चढली होती तेव्हा सासऱ्यांनी मास्तरांना शेजारी बसवून घेतलं. "मास्तर, आता तुमाला काय मिलायचं नाय, आमाला पन नाय. मंग खरं बोला. गावच्या मानसानं ही पाटी घ्यावी का?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "जिथे तार पोचणार आहे तिथे नको, काका. आज तरी नको. जिथे तार येणारच नाही, तिथे एका दिव्यापुरती घ्यावी. आणि कोणी म्हणाला ना, की यावर सगळं घर चालेल, पंखा चालेल, पंप चालेल, तर त्याला ओट्यावर चढू देऊ नका."

सासरे उठून दाराशी गेले. मग आत बघून म्हणाले, "गो पोरी, मास्तरला जेवल्याबिगर सोडू नको."

मास्तर शाकाहारी होते. सासूबाईंनी वालाची आमटी केली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, आणि ते जेवून गेले.