आमच्या घरातली प्लासी

आमच्या घरात कुणाचं काही बिघडलं की त्याला इतिहासातलं नाव मिळतं. नाव देण्याचा अधिकार अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील, पनवेलच्या एका शाळेत जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. नियमही त्यांचेच. घटना खरी हवी, पाठ्यपुस्तकात येण्याइतकी मोठी हवी, आणि तिचं नाव 'प'वरून सुरू व्हायला हवं. 'प'च का, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं.

"आपण पनवेलचे म्हणून," ते म्हणाले. "ठाण्याला असतो तर 'ठ'वरून तुझ्यासाठी काय शोधलं असतं, विचार कर."

मी अजून विचार करतोय.

नामकरण जेवताना व्हायचं. अण्णा भात संपवणार, ताकाची वाटी उचलणार, एक घोट घेऊन मिशी पुसणार, आणि मग बोलणार. तोवर पानावरून कुणी उठायचं नाही. एका जेवणाला एकच नाव, हाही नियम. पूर्वी ते नाव गल्लीत फिरायला आठवडा लागायचा. आता नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमचे हात धुऊन होईपर्यंत पोचतं, आणि मग ते माणसाला जन्मभर चिकटतं.

सर्वात जास्त लढाया अर्थातच माझ्या नावावर आहेत. लग्न नवीन असताना एका रविवारी सकाळी सासरची मंडळी न कळवता आली. मी कमरेला टॉवेल गुंडाळून, स्टुलावर उभा राहून, तोंडात बेसनाचा लाडू धरून छताचा पंखा पुसत होतो. पंखा पुसायला दोन्ही हात वर लागतात, हे ध्यानात घ्या. दार बायकोनं उघडलं आणि टॉवेलनं त्याच क्षणी साथ सोडली. ते पर्ल हार्बर. सुकापूरच्या या सोसायटीत राहायला आलो तेव्हा पार्किंगच्या जागेवरून चेअरमनशी भांडायला तावातावानं खाली गेलो, आणि वर आलो ते पार्किंग सोडून, सायकलची जागा सोडून, वर सेक्रेटरी व्हायचं कबूल करून. तो पुरंदरचा तह. कुकरची शिटी काडीनं साफ करायला गेलो ते पोखरण. डाळीचा डाग छतावर अजून आहे.

ही नावं मला पदकांसारखी वाटायची. ऑफिसात, लग्नात, मयतीनंतरच्या चहातसुद्धा मी ती सांगत आलोय. लोक हसतात, पुन्हा सांगा म्हणतात. माणसाला आपली फजिती नीट सांगता आली की तो कुठेही जेवून येऊ शकतो.

ताईचं तसं नव्हतं. ताई माझी मोठी बहीण. ती दहावीला नापास झाली तेव्हा अण्णा त्याच शाळेत शिकवत होते. त्या दिवशी ताक पिऊन ते म्हणाले, "पानिपत. पहिली लढाई." दुसऱ्या वर्षी पुन्हा नापास झाली, दुसरी लढाई. मग तिसरी. चौथ्यांदा ती परीक्षेला बसलीच नाही. पानिपतची चौथी लढाई नाही ना, असं अण्णा पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणे ताटावर वाकून हसायचे. वाढायला ताईच असायची. पुढे तिला नेऱ्याला दिली. तिथे तिची भाताची जमीन आहे, भाजीचा मळा आहे, नवरा सज्जन आहे. भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो. ती आमच्याकडे येत नाही. मला वाटायचं, मळ्याच्या कामातून वेळ मिळत नसेल.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न मोडलं. साखरपुडा झाला होता, हॉल ठरला होता, पत्रिका वाटायला सुरुवात झाली होती. मुलगा पुण्याचा. एका दुपारी त्यानं तिला मेसेज केला की बंगळुरूला त्याची एक मैत्रीण आहे, चार वर्षांपासून आहे, आणि हे त्याच्या आईवडिलांना पहिल्यापासून माहीत होतं. त्यांना वाटलं होतं, साखरपुडा झाला की तो तिला विसरेल. खाली त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

मुलगी दोन दिवस ऑफिसला गेली नाही. शनिवारी सकाळी मी बाल्कनीत पेपर वाचत होतो, ती चहा घेऊन आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, एक काम करशील?"

"कर म्हण. त्या मुलाला पुण्याला जाऊन बडवून येऊ?"

"तू गेलास तर त्यांच्याच दिवाणखान्याला रंग देऊन येशील." ती क्षणभर हसली. मग म्हणाली, "आजोबांना याला नाव देऊ देऊ नकोस."

"अगं, त्यांचं ते प्रेम असतं. त्या नावाखाली दुःख जरा लहान होतं. ते म्हणतात ना, इतिहासात गेलं की सगळं दोन मार्कांच्या टिपेत मावतं."

"तुझं मावलं असेल. आत्याला विचारलंयस कधी?"

मी पेपर चाळला.

"हे बघ, ऑफिसात लोक विचारतील, मी सांगेन. काकू फोन करून रडते, मी ऐकते. ते संपेल. पण मी पन्नाशीची होईन, कुणाच्या तरी लग्नात जाईन, आणि मला बघून कुणीतरी ते नाव घेईल आणि सगळी पंगत हसेल. ते मला नको. नाव पडलं ना, तर मी या घरात राहणार नाही. धमकी देत नाहीये, आधी सांगून ठेवतेय."

"नाही पडणार," मी म्हणालो. "शब्द देतो."

अण्णांना 'करू नका' म्हणणं म्हणजे त्यांना कामाला लावणं, हे मला ठाऊक होतं. ते रविवारच्या जेवणाची वाट बघत असणार, मनातल्या मनात 'प'चा खण उपसत असणार. तेव्हा मी शक्कल लढवली. एका जेवणाला एकच नाव. मग रविवारचं नाव मीच खाऊन टाकायचं. ताजी, नामांकित फजिती करायची, की अण्णा तिच्यावरच खर्च होतील. माझ्यासारख्या अनुभवी माणसाला हे अवघड नव्हतं. बाथरूममध्ये टॉवेलची दांडी बसवायची, ती साफ तिरकी बसवायची, आणि सगळ्यांना बोलावून दाखवायची. बेत एवढाच होता.

रविवारी सकाळी ड्रिल घेऊन उभा राहिलो. पहिलं भोक वाकडं पडलं, समाधान वाटलं. दुसरं भोक पाडताना भिंतीनं एकदम माझ्या तोंडावर पाण्याची चूळ टाकली. भिंतीतून पाइप गेलाय हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच सेक्रेटरी आहे, नकाशा माझ्याच कपाटात आहे. मी अंगठा लावला, मग हात लावला, मग पाठ लावून उभा राहिलो. बायको गच्चीवरचा कॉक बंद करायला धावली. गच्चीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन नाश्त्याला. पाणी हॉलमध्ये आलं, दारातून जिन्यात गेलं, आणि भिंतीतून खाली झिरपलं.

खालच्या मजल्यावर चाचा राहतात. कतारला नोकरी करून परत आलेले, वयानं माझ्याहून थोर, फार अदबीचे. ते दारात येऊन उभे राहिले. मी भिंतीला पाठ लावून तसाच.

"भाईसाहेब," ते म्हणाले, "आमच्या हॉलमधे झुंबर हाय ना, कतारहून आनलेलं, त्याच्यातनं पानी पडतंय. दिसायला मोठं खूबसूरत दिसतंय. पण मेहेरबानी करून बंद करा."

कॉक बंद झाला तेव्हा दुपार व्हायला आली होती. चाचांच्या घरी जाऊन मी फरशी पुसली, त्यांच्या बायकोनं मला टॉवेल दिला आणि वर सरबत दिलं. झुंबर गेलं ते गेलंच. पण जेवायला बसलो तेव्हा मी मनातून खूश होतो. हे तिरक्या दांडीपेक्षा कितीतरी भारी झालं होतं.

पानं वाढली. मी, अण्णा, मुलगी, आणि वाढून झाल्यावर बायको. अण्णांनी भात संपवला. ताकाची वाटी उचलली, घोट घेतला, मिशी पुसली. मुलगी ताटाकडे बघत होती.

"पानशेत," अण्णा म्हणाले.

बायको हसली. मुलगी हसली, गेल्या तीन-चार दिवसांत पहिल्यांदा दात दिसेपर्यंत. मी तर टाळीच दिली. धरण फुटलं, लोकांच्या घरात पाणी शिरलं, आणि जबाबदार माणूस भिंतीला पाठ लावून उभा, असं अण्णांनी रंगवून सांगितलं. मी चाचांच्या झुंबराची नक्कल केली. बायकोनं मुलीच्या पानात आणखी एक पुरी टाकली आणि तिनं ती खाल्ली. मी मुलीकडे पाहून भुवई उडवली. तिनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबला.

इथेच उठलो असतो तर बरं झालं असतं. पण अण्णा उठेनात. ते बोटानं ताटातली चटणी फिरवत होते.

"तुझं मात्र मला जमलं नाही हो," ते नातीला म्हणाले. आवाज मऊ होता. "तीन दिवस शोधतोय. फाळणी बसली असती, पण ती एक अक्षर पुढे पडली. 'प'मध्ये तुझं काही मिळत नाही. राहू दे. तुझं असंच राहू दे."

मुलीनं मान वर केली. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. तिला ते आशीर्वादासारखं वाटलं असणार. मलाही वाटलं. खरं सांगतो, त्या वेळी मी तिच्यासाठी मनात देवाला नमस्कार करत होतो.

आणि त्याच वेळी डोक्यात दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी जुळलं. ते इतकं चपखल होतं की मी काय करतोय हे कळायच्या आत तोंडातून बाहेर पडलं.

"प्लासी," मी म्हणालो. "लढाई अशी झालीच नाही. समोरच्यांचं आतून आधीच ठरलं होतं."

 मग अण्णांच्या खांद्यांना हसू फुटलं. ते हसत हसत खोकायला लागले, खोकत खोकत माझ्या पाठीवर थाप मारायला लागले. "तीन दिवस! तीन दिवस शोधतोय, आणि हा गाढव पानावर बसून…" त्यांना पुढे बोलता येईना. बायकोच्या तोंडून हसू निसटलं, तिनं लगेच पदर तोंडावर दाबला. मी हसत होतो. माझा विनोद कुणाला आवडला की मी थांबू शकत नाही, हा माझा आजार आहे.

"एका जेवणाला एकच नाव," बायको घाईनं म्हणाली. "अण्णा, पानशेत झालंय. हे मोजायचं नाही."

"सुगरणीनं दोन पक्वान्नं केली तर एक टाकून देतात का?" अण्णा डोळे पुसत म्हणाले.

मुलीनं पानातला शेवटचा घास खाल्ला. उठून ताट घासलं, ओट्यावर पालथं घातलं, हात पुसले. आत गेली. आम्हाला कपाट उघडल्याचा आवाज आला.

"अगं, मी…" मी तिच्या दारात जाऊन म्हणालो.

"सरक, बाबा. बॅग लागेल."

"जाणार कुठे?"

"आत्याकडे."

ती रिक्षात बसेपर्यंत ग्रुपवर अण्णांनी टाकलं होतं. पुण्याची काकू, डोंबिवलीचे मामा, सगळ्यांची हसून लोळणारी तोंडं रांगेनं आली होती. कुणीतरी लिहिलं होतं, यंदा दादानं बाजी मारली. दादा म्हणजे मी.

पुढच्या रविवारी मी तिचा चार्जर आणि ऑफिसचे बूट घेऊन नेऱ्याला गेलो. ताई कुंपणाच्या फाटकापाशी वालाच्या शेंगा तोडत होती. फाटकाला आतून कडी होती. ती कडी काढायला पुढे आली नाही.

"बूट कठड्यावर ठेव," ती म्हणाली.

"आत तर येऊ दे. तिच्याशी बोलतो."

"काय बोलणार?"

"माफी मागतो."

"मागशील. नीट मागशील. मग घरी जाऊन माफी कशी मागितली ते हावभाव करून सांगशील."

घरातून मुलीचा आवाज आला, "आत्या, कोण आहे गं?"

"तुझे बूट आलेत," ताई म्हणाली.

मुलगी बाहेर आली नाही. मी कुंपणाबाहेर उभा राहून बरंच बोललो. चाचांना नवीन झुंबर घेऊन दिलं हे सांगितलं, आई जेवत नाही हे सांगितलं, ग्रुपवरून अण्णांना काढायचा प्रयत्न केला तर मीच बाहेर पडलो हे सांगितलं. शेवटचं मुद्दाम सांगितलं, तिला हसू येईल म्हणून. आत पंखा फिरत होता तेवढाच. ताईनं शेंगांची पाटी डोक्यावर घेतली.

"मला तीन वर्षं हसलात," ती म्हणाली. "तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास. सगळ्यात मोठ्यानं तू हसायचास. मी वाढताना तुझ्या पानात जास्त तूप घालायचे, हसायचा थांबशील म्हणून."

ती घरात गेली. मी बूट कठड्यावर ठेवले, त्यात चार्जर ठेवला आणि निघालो.

घरी आलो तेव्हा अण्णा पानावर बसले होते. बायकोनं वाढलं. तिनं स्वतःचं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन जमिनीवर बसली. लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदा तिकडे जेवली. अण्णा जेवत राहिले. भात संपला, ताक झालं.

"मग?" ते म्हणाले. "भेटली का?"

"नाही. बाहेरूनच बोललो. जिच्याशी बोलायचं ती आलीच नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते. त्यांना माहीत होतं की माझ्या डोक्यात ते आलंय. नेऱ्याहून येताना, माथेरानच्या डोंगराकडे पाठ करून स्कूटर चालवताना ते आलं होतं, आणि मी सुकापूरपर्यंत ओठ मिटून आलो होतो.

"पहिली गोलमेज परिषद," मी म्हणालो.

अण्णा हसले. "पहिली म्हणजे अजून दोन व्हायच्या."

मीही हसलो. स्वयंपाकघरात बायकोनं ताट सरकवलं, उठली, आणि आतून दार लोटून घेतलं.