कंदील मोठा की पूल

आमच्या सौभाग्यवतींच्या दौंडच्या मामांइतका ठाम माणूस दौंड आणि शिरूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी दुसरा मिळायचा नाही. माणसं देवाबद्दल ठाम असतात, पक्षाबद्दल असतात, फार झालं तर आपल्या घरच्या आमटीबद्दल असतात. मामांचं सगळं ठामपण सातासमुद्रापलीकडच्या एका जुन्या रॉक बँडच्या चौथ्या अल्बमवर खर्च झालेलं आहे. त्या बँडचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की वाचकांतही तट पडतील, आणि दोन घरांतले तट मिटताना पाहून माझी जी दमछाक झाली तेवढी पुरे आहे. मामाही नाव घेत नाहीत, नुसतं ‘आपली मंडळी’ म्हणतात. अल्बमांची इंग्रजी नावंही त्यांनी केव्हाच मोडीत काढली आणि वेष्टनावरच्या चित्रांवरून घरगुती नावं ठेवली. चौथ्या अल्बमवर विझत आलेला कंदील आहे, म्हणून तो ‘कंदील’. त्यात पहिला गायक गातो, खरखरीत आवाजाचा. पुढं त्याचं आणि बाकीच्यांचं बिनसलं, तो निघून गेला, त्याच्या जागी मऊ आवाजाचा दुसरा आला. त्या दुसऱ्याच्या पहिल्या अल्बमवर धुक्यातला एक पूल आहे, म्हणून तो ‘पूल’. मामांच्या मते कंदील ही मानवजातीची आजवरची सर्वोच्च कामगिरी आणि पूल हा तिचा अधःपात. या विषयावर चर्चाच होऊ शकत नाही, असं म्हणून ते रोज चर्चा करतात.

मामा मूळचे यवतचे. रेल्वेत गार्ड म्हणून लागले आणि दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहायला आले. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि मधली भिंत नावापुरती होती. “पैल्यांदा वाटलं साहेबाच्या घरात भांडण लागलंय,” मामा सांगतात. “सोडवायला म्हनून गेलो, तर साहेब म्हनले, बैस. जो बसलो तो बसलोच.” ते साहेब पुढं ऑस्ट्रेलियाला लेकाकडं निघून गेले आणि जाताना कंदिलाची तबकडी मामांच्या हवाली करून गेले. ज्या गांभीर्यानं एखादा महंत शिष्याच्या हाती गादी सोपवतो त्याच गांभीर्यानं, असं मामा म्हणतात. मामी मात्र म्हणतात की साहेबांच्या पेटीत जागा उरली नव्हती.

तेव्हापासून मामा माणसाची पारख अल्बमावरून करतात. कुळ, शिक्षण, नोकरी या गोष्टी त्यांना दुय्यम वाटतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला गेलो तेव्हा मला जवळ बसवून त्यांनी हळूच विचारलं, “जावईबापू, तुमचा अल्बम कोणता?” मी म्हणालो, “अजून फोटोग्राफरनं दिला नाही.” मामा उठले. स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोला त्यांनी सांगितलेलं मला बाहेर ऐकू आलं, “माणूस गुणाचा हाय. पर आतून रिकामा हाय.” मामांचं कंदील ऐकणंही साधं नसतं. कंदील लावायच्या आधी मामी भात उरकून घेतात, कारण एकदा ऐन गिटारच्या जागी कुकरची शिट्टी झाली आणि मामांनी तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली. जेवण चांगलंच लांबलं. एकदा सलूनमध्ये दाढीला बसलेले असताना त्यांच्या मनात कुठलंसं गाणं सुरू झालं, ड्रमची जागा आली, मामांनी मान झटकली आणि डावी मिशी गेली. न्हाव्यानं हात जोडले. मामा म्हणाले, “तुझी चूक न्हाई बाबा. तिथं कोनाचीबी मान हालनारच.” आणि समतोलासाठी उजवीही उतरवून घेतली. गणपतीत त्यांनी मंडळाच्या पोरांना पटवून दोन आरत्यांच्या मध्ये कंदिलातलं एक गाणं लावायला लावलं होतं. गायकानं पहिली आरोळी ठोकली मात्र, गल्लीतले एक आजोबा धावत आले आणि वायर उपटून म्हणाले, “आरं, स्पीकर फाटला!” मामा त्या आजोबांशी पुढल्या गणपतीपर्यंत बोलले नाहीत.

अशा माणसाच्या पोटी वैशाली जन्मली. शांत, हसरी, आणि बापाला पुरतं ओळखून असलेली. रांजणगावच्या एका कारखान्यात ती क्वालिटीला लागली आणि कारेगावात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली. तिथं तिच्याच लाइनवर केंदूरचा अमोल होता. एकदा कँटीनमध्ये त्याचा फोन वाजला आणि वैशालीच्या हातातला घास तिथंच थांबला. फोनमध्ये पुलावरचं पहिलं गाणं वाजत होतं. ती म्हणाली, “ही ट्यून आमच्या घरात वाजली ना, तर त्या दिवशी जेवण मिळत नाही.” तो म्हणाला, “आणि आमच्या घरात ही नाही वाजली तर आबा जेवत नाहीत.” प्रेमाची सुरुवात इतकी स्पष्ट धोक्याची पाटी लावून झालेली मी दुसरी ऐकलेली नाही.

अमोलचे वडील, केंदूरचे आबा, म्हणजे कांद्याचे मोठे बागायतदार. गावात शब्दाला वजन, अंगानं उंचनिंच, डोक्याला पांढरी टोपी. पण तरुणपणी पुण्याला शेतकी कॉलेजच्या वसतिगृहात राहिले आणि तिथं त्यांना पूल भेटला. पोरांनी ठरवलं की दोन्ही बापांना एकमेकांची ही बाजू लग्न लागेपर्यंत कळू द्यायची नाही. बघण्याचा कार्यक्रम दौंडला ठरला. मी शिरूरला मराठीचा मास्तर, बोलण्यात मधाचं बोट लावणारा, अशी माझी ख्याती असल्यामुळं मलाही बोलावलं. सकाळपासून आम्ही घर साफ करत होतो, म्हणजे पुरावे लपवत होतो. कॅसेटी दिवाणात गेल्या, भिंतीवरच्या कंदिलाच्या मोठ्या चित्रावर मामींनी पंचांग टांगलं आणि मामांकडून देवापुढं शपथ घेतली की आज ‘आपली मंडळी’ हा शब्द निघणार नाही.

सुरुवात फार छान झाली. आबा आले, कांद्याचा विषय निघाला, मग बिबट्याचा निघाला, मग चासकमान धरणाच्या पाण्याचा. पोहे आले. अमोल आणि वैशाली एकमेकांना प्रथमच बघत असल्यासारखे बसले होते. आणि पोहे खाता खाता मामांची बोटं आपोआप बशीवर वाजू लागली. टक्, टक्-टक्, टक्. मामींनी डोळे मिटले. समोर आबांचा चमचा हवेत थांबला. मग तो हळूच पाण्याच्या पेल्यावर उतरला आणि त्यानं बशीवरच्या ठेक्याचं उरलेलं अर्धं वाजवून पुरं केलं.

मामांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो वैशालीच्या जन्माच्या वेळीही नव्हता, असं मामींनी मला नंतर सांगितलं. “पाव्हणं! तुमी ऐकता?”

“ऐकता म्हंजी? कालेजपास्नं ऐकतोय,” आबा पुढं सरकले.

“आन् कोणता म्हनायचा तुमचा?”

“आता त्यात काय इचारायचं? पूल.”

 मामांनी बशी खाली ठेवली. “पूल,” ते म्हणाले. “बरं. आन् कंदील?”

“कंदील हाय की. सुरवातीला पोरं जरा दंगा करत्यातच. पहिला गडी गेला आन् बँड वयात आला.”

“गेला न्हाई, घालवला! गद्दारी केली त्याच्यासंग!”

“बरं केलं. गातो का बैलाला हाकारतो तेच कळत न्हाई.”

“आन् तुमचा दुसरा? सासरी निघालेल्या नवरीवानी मुसमुसतोय नुसता. कंदिलाच्या दुसऱ्या बाजूचं एक गाणं वाईट दाखवा मला, एक!”

“तिसरं. नुसता ढोल बडवलाय.”

“त्यो ढोल न्हाई, इंजिन हाय इंजिन!”

“इंजिनच ऐकायचं तर ठेसनावर जाऊन बसंन की. पूल लावून मी कांद्याला पानी द्यायचो, वाफा कवा भरला कळायचं न्हाई.”

“कळंल कसं? झोप लागली आसंल!”

मी मधाचं बोट पुढं केलं. संगीत ही वैश्विक भाषा आहे, असं काहीतरी म्हणालो. दोघंही एकदमच माझ्यावर ओरडले, “तुमी गप बसा!” आणि मग मामांच्या तोंडून ते वाक्य निसटलं, “ज्या घरात सकाळ-संध्याकाळ पूल वाजतो, त्या घरात माझी पोरगी...” ते तिथंच थांबले. पण शब्द बाहेर पडून गेला होता. आबांनी टोपी नीट केली, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि उठले. “अमोल, गाडी काढ. येतो आमी.”  मामींनी पदर तोंडाला लावला. मामा भिंतीकडं बघत बसले. आपण काय केलं हे त्यांना कळलं होतं, पण कंदिलाला पाठ दाखवून माफी कशी मागावी हे कळत नव्हतं.

वैशाली उठली आणि सरळ दारात जाऊन उभी राहिली. “आबा, जायचं तर जा,” ती म्हणाली. “पण एक सांगा. शेवटचा अल्बम ऐकलाय तुम्ही?”

या शेवटच्या अल्बमाची गोष्ट अशी की म्हातारपणी दोन्ही गायकांची दिलजमाई झाली आणि दोघांनी मिळून एकच अल्बम काढला. वेष्टनावर पिसारा फुलवलेला मोर आहे. मामांनी तो ऐकला नव्हता, कारण त्यात दुसरा होता. आबांनीही ऐकला नव्हता, कारण त्यात पहिला होता.

“नाही ना?” वैशाली म्हणाली. “मग भांडता कशाला? आधी तो ऐका आणि मग मोडा माझं लग्न.”

मामांच्या घरी फक्त तबकड्या आणि कॅसेटी वाजायच्या, तेव्हा मोर ऐकायला सगळे आबांच्या गाडीत बसलो. पुढं आबा आणि मामा, मागं मामी, मी आणि अमोल, आणि वैशाली खिडकीला टेकून बाहेर उभी. अमोलनं फोन गाडीला जोडला. गाणं सुरू झालं. आधी कसल्याशा घंटा वाजल्या, मग मशीनचा ठोका, मग लहान मुलांचा कोरस. मग दोन्ही गायक आळीपाळीनं जग किती सुंदर आहे ते सांगू लागले. मामांनी आबांकडं पाहिलं. आबांनी मामांकडं पाहिलं.

“ह्ये काय हाय?” मामा म्हणाले.

“आपलीच मंडळी हायेत का ही?” आबा म्हणाले.

दुसरं गाणं पहिल्यापेक्षा वाईट निघालं. तिसऱ्यात बासरी आली. आबांनी खिडकीची काच खाली केली, जणू गाडीत धूर कोंडला होता. “बंद कर रं,” ते म्हणाले, पण मामांनी त्यांचा हात धरला. “थांबा पाव्हणं. पुरता ऐकू. शिव्या घालायच्या तर नीट ऐकून घालू.” आणि त्यांनी तो खरोखर शेवटपर्यंत ऐकला. प्रत्येक गाण्याला दोघं मिळून नवनवीन शिव्या शोधत होते, एकानं सुरू केलेलं वाक्य दुसरा पुरं करत होता, टाळ्या देत होते, डोळे पुसत होते. शेवटी मामा म्हणाले, “आबा, खरं सांगतो, ह्याच्यापरीस तुमचा पूल बरा.” आणि आबा छातीवर हात ठेवून म्हणाले, “छ्या छ्या! ह्याच्याम्होरं कंदील म्हंजी देवाचं देनं हाय!” गल्लीतली माणसं दारांत येऊन उभी होती. मामा गाडीतून उतरले ते ओरडतच, “अगं, साखर आण! साखर आण आधी!”

लग्न यवतला, हायवेकडेच्या कार्यालयात झालं. वरातीत काय वाजवायचं यावर दोन्ही घरांत रीतसर तह झाला, निघताना कंदील आणि मांडवाच्या दारात पूल. दौंडच्या बँडवाल्यांना मामांनी स्वतः गाऊन गाणं शिकवलं. बँडमास्तर आधी म्हणाला, “मामा, हे गाणं हाय का मालगाडीचा भोंगा?” पण माणूस कसलेला होता. लग्नाच्या दिवशी त्याच्या ट्रम्पेटवर ते गिटार असं काही चढलं की हायवेवरचे ट्रक थांबले. ढोलताशा पेटला. फेटे बांधलेले मामा आणि आबा रस्त्याच्या मधोमध एकमेकांचे हात धरून उड्या मारत होते. केंदूरची भावकी नाचत होती, रेल्वेची पेन्शनर मंडळी नाचत होती, कारेगावची कारखान्यातली पोरं-पोरी नाचत होती, आणि त्यांतल्या कुणालाही ते गाणं कुठलं हे ठाऊक नव्हतं. बिहारकडचा एक ट्रकवाला खाली उतरून मला म्हणाला, “कौन सी पिक्चर का है?” मी ताठ मानेनं त्याला सांगितलं, “हमारे मामा का है.” मांडवाच्या दारात पूल सुरू झाला तेव्हा मामी डोळे मिटून तोंडातल्या तोंडात गात होत्या. शब्द न् शब्द पाठ होता. माझ्या बायकोनं ते पाहिलं, तर तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, “मला पैल्यापास्नं हाच आवडतो. कुनाला बोलू नकोस.”

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. मागच्या हिवाळ्यात तो पहिला गायक गेला. बातमी कळली तेव्हा मी सुट्टीत दौंडलाच होतो. मामा हातात फोन घेऊन ओसरीवर बसले होते. असल्या दुःखाचं करायचं काय, हे घरात कुणालाच कळेना. रडावं तर माणूस नात्यातला नाही, आणि मुकाट बसावं तर बघवत नव्हतं. मामींनी नेहमीसारखा कुकर लावला होता.

दुपारी आबांची गाडी दारात थांबली. केंदूरहून शिक्रापूर, न्हावरा, चौफुला करत एकटेच आले होते. हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी होती. “म्हनलं, आज हितं चूल पेटली नसंल,” ते म्हणाले आणि मामांच्या शेजारी खाली बसले. मामी आत गेल्या आणि त्यांनी शिजलेला भात मुकाट्यानं फडताळात ठेवून दिला.

आबा म्हणाले, “लावू का कंदील?”

“आज नको,” मामा म्हणाले. “आज त्याचं ऐकवायचं न्हाई मला. तुमचा पूल लावा.”

“न्हाई,” आबा म्हणाले. “आज पूल बरा दिसत न्हाई.”

मग काहीच लावलं नाही. आबांनी भाकरी मोडून अर्धी मामांच्या ताटात ठेवली, आणि मामी आतून कांदा फोडून घेऊन आल्या.