गुंताबाईची लाकडी खोली

गुंताबाईने फार निगा राखली म्हणून तिचं घर गेलं. ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण मी सुतार आहे आणि हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

गुंताबाई सातपुड्याच्या पायथ्याची, पावरा आदिवासी. नवऱ्याबरोबर रावेरजवळ केळीच्या बागेत राखणीला आली. बागेचे मालक लीलाधरभाऊ हौशी माणूस. पाहुण्यांसाठी त्यांनी सुट्या भागांची लाकडी खोली मागवली. नंबर टाकलेल्या फळ्या आल्या, मी पहूरहून जाऊन बोल्ट आवळून ती उभी केली. पाहुणे काही फिरकले नाहीत, मग खोली राखणदारांना मिळाली. नवरा खाज्या तिथेच वारला. गावाकडची झोपडी दिराने केव्हाच मोडली होती. बाईला जगात ही एवढीच जागा उरली.

यंदा भाऊंनी मला परत बोलावलं. खोलीवर चांगलं छप्पर टाकायचं, मागे न्हाणीघर जोडायचं, आणि बाईला तिथेच राहू द्यायचं. मलाही बरं वाटलं.

आत पाऊल टाकलं तर जमिनीच्या फळ्यांवर शेणाचा जाड थर. पहारीने एक फळी उचलली. खालचं लाकूड भिजल्या पावासारखं हातात आलं, वर वाळवी. लाकडाला वारा लागतो तोवर ते टिकतं. हिने त्याला वर्षानुवर्षं ओल पाजली होती. भाऊ यायच्या आत मी सगळा थर खरवडून बाहेर फेकला. भाऊ येऊन पाहतात तर जमीन कुजलेली. मी म्हणालो, "माल ओलाच आला होता, भाऊ."

दारात उभ्या गुंताबाईला ते लागलं. तिच्या घराला कुणी नाव ठेवलेलं तिला खपायचं नाही.

"ओलं नव्हतं, मिस्तरी," ती म्हणाली. "मी दर आठवडाले सारवस. मना घरवाला गया, त्या दिन बी सारवं."

झाकली मूठ सवा लाखाची, हे या बाईला कुणी शिकवलंच नव्हतं. मला तिचा असा राग आला की हातातली पहार तिथेच टाकली.

भाऊंनी आवाज चढवला नाही. "लाकडावर शेण घातलं, गुंताबाई?" ते म्हणाले. "सामान आवर. इथं आता पाहुणेच राहतीन."

दुपारी ती बांधावर गाठोडं घेऊन बसली होती. मी पाणी नेऊन दिलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही, अक्का. लाकूडच ओलं होतं."

पाणी पिऊन तिने तांब्या खाली ठेवला.

"मंग माले काबर काढं?"