घंटेच्या रेघा

मानोऱ्याच्या बाजारात मोडीत आलेल्या चांदीत मला एक अमेरिकन अर्धा डॉलर सापडला. एकीकडे टकला पुढारी, दुसरीकडे तडा गेलेली घंटा. साल गेल्या शतकाच्या मध्यातलं. खात्री करायला कारंजा गावच्या शेटजींच्या दुकानात नेला. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता आणि त्याहून मोठा नाद जाणकार म्हणवून घेण्याचा.

चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी भिंग लावलं. "मास्तर, हे गिलट व्हय, चांदी नाही. शाळंत शिकवता, अन् एवढंही समजत नाही?" लोक हसले. उपकार म्हणून शंभर रुपये देऊन त्यांनी ते नाणं ठेवून घेतलं.

पुढे मी पुस्तकं वाचली. त्या नाण्यात नव्वद टक्के चांदी असते. घंटेच्या तळाशी बारीक रेघा असतात, त्या अखंड उमटलेल्या असतील तर किंमत कितीतरी पटींनी चढते. माझ्या नाण्यावरच्या अखंड होत्या. तोवर ते शेटजींच्या काचपेटीत पोचलं होतं. सात वर्षं मी ते तिथं पाहत आलो.

गेल्या दिवाळीच्या आधी दुकानात गेलो, तेव्हा नाण्याच्या कडेला निळसर-जांभळी झाक चढली होती. संग्राहक या झाकेसाठी जादा पैसे मोजतात आणि घासलेल्या नाण्याला हात लावत नाहीत. आमच्याकडे मात्र लक्ष्मीपूजनाला चांदी लखलखीत लागते.

"मास्तर, हे काळं पडून राह्यलं. चिंच अन् राख लावू काय?"

"पूजेत काळी चांदी बरी दिसते काय, शेटजी?" मी म्हणालो.

त्यांनी स्वतः बसून घासलं. मी चहा घेतला, दुसरा कपही घेतला.

दिवाळीनंतर नागपूरहून एक खरेदीदार येणार होता. शेटजींनी मलाही बोलावलं, कौतुकाला माणूस लागतोच. खरेदीदारानं क्षणभर भिंग धरलं आणि नाणं खाली ठेवलं. "घासलंय. रेघा गेल्या. चांदीच्या वजनानं देता का?"

तो गेल्यावर शेटजी माझ्याकडे वळले. "तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुम्ही जाणकार. मी काय सांगणार?"

 शेटजींनी नाणं माझ्यापुढे सरकवलं. "घ्या. तुमचंच होतं हे."

तळहातावर घेऊन पाहिलं. घंटा गुळगुळीत झाली होती. सात वर्षं मला ते हवं होतं, तेव्हा हात लगेच मागे आला असं म्हणणं खोटं ठरेल. पण ठेवलं परत.

"घासलेली नाणी मी ठेवत नाही, शेटजी."